मातीला पोचण्याचे अंतर

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. विमानाला जाताना साधारण साडेपाच तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून अर्धा-पाऊण तास कमी. ज्यांच्या घरातले कुणी सौदीत कमावते, त्यांना हे आकडे पाठ असतात.

पूर्वी हाजी आगबोटीने जात, तेव्हा मुंबईहून जेद्द्याला बारा-पंधरा दिवस लागत. त्याही आधीच्या प्रवासांना तर हिशेबच नाही. ज्यांच्या नावाने आमचे गाव 'पातूर शेख बाबू' म्हणून ओळखले जाई, ते शेख बाबू १३७८ साली दिल्लीहून इथे आले असे मानतात. १९९५ साली हजच्या बोटी बंद झाल्या आणि समुद्र पाच-साडेपाच तासांचा झाला. पातूर मात्र होते तिथेच राहिले. एस.टी.ने अकोला गाठायचे आणि तिथून रात्रभर रेल्वेने मुंबई. परदेश जवळ आला, मुंबई लांबच राहिली.

माझा धाकटा भाऊ जेद्द्यात एका घरी ड्रायव्हर होता. २०१४ च्या हिवाळ्यात, फजरच्या थोडे आधी अब्बा गेले. फोन लावला तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते.

जनाजा केव्हा उचलायचा, हे ठरवायचे होते. मी मनात हिशेब मांडला. तो सकाळी दहाच्या विमानात बसला, तरी घड्याळ अडीच तास पुढे करावे लागणार; मुंबईत उतरेल तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. मग रात्रीची गाडी, पहाटे अकोला, तिथून पातूर. म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ. तीही पासपोर्ट हातात असला तर! तो कफीलजवळ होता, आणि देशाबाहेर पडायला त्याचीच परवानगी हवी होती. कफील गावाला गेलेला.

मय्यतीला ताटकळत ठेवू नये, असे जाणती माणसे म्हणाली. अम्मी काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने भावाचाच फोन आला. "भाईजान, मेरे लिए मत रुको. अब्बा को तकलीफ होगी."

जोहरनंतर आम्ही अब्बांना माती दिली.

२०२१ च्या मार्चमध्ये सौदीने नियम बदलले. मालकाच्या संमतीशिवाय कामगाराला मायदेशी जाऊन येता येऊ लागले. पण त्या सुधारणेतून घरगुती ड्रायव्हर वगळलेले होते. इकडे अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढणार, हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले, तेही आधी आठवड्यातून तीनच दिवस. मरण काही वार पाहून येत नाही.

विमानाचा वेळ एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत मोजतात. आमच्यासारख्यांचे अंतर त्या दोन टोकांच्या बाहेर असते: मालकाच्या कपाटातल्या पासपोर्टपासून गावच्या कब्रस्तानापर्यंत. ते कुठल्याच तिकिटावर छापलेले नसते.

अब्बांना हजला जायचे होते. कापसाच्या पैशांतून दरवर्षी काही बाजूला ठेवीत, आणि दरवर्षी ते दुसरीकडेच खर्च होत. पातूरहून मक्का त्यांना उभ्या हयातीत गाठता आली नाही. जेद्द्याहून ती ऐंशीएक किलोमीटर, मोटारीने तासाभराची वाट. पुढच्या जुम्म्याला सुट्टी मिळाली, तेव्हा भाऊ तिथे गेला आणि त्याने अब्बांच्या नावाने उमरा केला.