दोन्ही घरचा पाहुणा

"सर, हा नव्वद दिवसांचा नियम तीन ठिकाणी का आहे?" टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, तेव्हा मी आधी चिडलोच. वाहन विम्याच्या सॉफ्टवेअरचे नियम लिहिलेली ती रूल शीट माझी. अठरा वर्षं मी ती वाढवली, प्रत्येक फील्डच्या नियमांना वेगळा रंग दिला. जाता-येता लोकांच्या नजरेस पडावी म्हणून स्क्रीनवर मुद्दाम उघडी ठेवायचो.

दुखणं एनसीबीचं, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणाऱ्या नो क्लेम बोनस सवलतीचं. 20, 25, 35, 45, 50 हे टक्के सांभाळायला काहीच लागत नाही. सवलत जाते कधी, तिथे घोळ. क्लेम घेतला की गेली, पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की गेली, जुनी गाडी घेणाऱ्याला आधीच्या मालकाची मिळतच नाही. मी क्लेमचा नियम क्लेमखाली ठेवला, मालकीचा मालकीखाली. दिसायला टापटीप. पण 'आधीची पॉलिसी कधी संपली' ही तारीख कुणाची? खंड पडला की गाडीची तपासणी लागते, तो नियमही तिच्याच गळ्यात. म्हणून 90 दिवस मी एनसीबीत लिहिले, तारखेखाली लिहिले आणि रिन्यूअलच्या स्क्रीनवरही लिहिले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा पठ्ठ्या तिन्ही घरी जेवला, आणि प्रत्येक घरी वेगळं. एकीकडे '90 पेक्षा कमी', दुसरीकडे '90 किंवा कमी'. नेमके नव्वदाव्या दिवशी एक गृहस्थ आले. कोटेशनमध्ये 50 टक्के दिसले, पैसे भरताना गायब. "मग मघाशी दाखवले कशाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

हल्ली नियम तिकिटं, म्हणजे कामाच्या सुट्या नोंदी, होऊन येतात. एक तिकीट, एक नियम, दोन आठवड्यांत मोकळे. शेजारी कोण राहतं हे बघायला कुणी थांबत नाही. 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये एनसीबीचं सगळं जीआर 27 या एका नियमात, एका जागी होतं. कागदावर नीट शिवलेलं आम्ही स्क्रीनवर आणताना उसवलं. तिकिटांना मी नावं ठेवतो खरा, पण ते तिन्ही नव्वद तिकिटांच्या आधीचे, माझ्याच हातचे.

त्या नव्या मुलीने शीटमधले रंग काढून टाकले. एनसीबीचे नियम एका गटात, सगळ्यात वर मालकी: मालक बदलला असेल तर जुन्या सवलतीचं पुढे काही विचारायचंच नाही. तारखेखाली फक्त खंडाचे दिवस मोजायचे, एकदाच. तपासणी असो की एनसीबी, आकडा तिथूनच घ्यायचा. तिला पकडायला म्हणून मी विचारलं, "आणि नव्वदावा दिवस आत की बाहेर?"

"अंडररायटिंगला विचारलंय सर. उत्तर आलं की टाकते."

अठरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

शीट परत आली तेव्हा नियम तपासायच्या आधी माझी नजर वरच्या कोपऱ्यात गेली. 'तयार करणारे' याच्यापुढे माझं नाव तिने तसंच ठेवलं होतं.