कमाटीबागेतील तण

श्रावणाच्या चार सरी कोसळल्या, की बडोद्याच्या सयाजीबागेत माळ्यांच्या खुरप्यांना उसंत राहत नाही. विश्वामित्रीच्या तीरावर महाराज सयाजीरावांनी १८७९ साली उभारलेल्या या बागेला आपण बडोदेकर ‘कमाटीबाग’ म्हणतो. पाहुण्यांना तेथील संग्रहालय व फुलांचे घड्याळ आपण हौसेने दाखवितो. परंतु वाफ्याच्या कडेला उपटून टाकलेल्या तणाच्या ढिगाकडे सहसा कोणी पाहत नाही. तेथेही क्षणभर थांबावे.

त्या ढिगात हरळी असते, आघाडा असतो. आपल्याकडील हिरवळी बहुधा हरळीच्याच; तेथे ती पाणी घालून वाढवितात आणि गुलाबाच्या वाफ्यातून मात्र मुळासकट काढतात. वनस्पती एकच, पण जागा बदलली की मान बदलतो. आणि श्रावणातील शुक्रवारी जिवतीला आपण जी माळ घालतो, ती याच आघाड्याची व दूर्वांची! दूर्वा म्हणजे तरी हरळीचेच कोवळे तुरे. गुजराती माळी हरळीला ‘ध्रो’ व आघाड्याला ‘अघेडो’ म्हणतो. आपली निंदणी ती त्याचे ‘निंदामण’. तेवढे शब्द ठाऊक असले, की निंदणीपूर्वी त्याच्याकडून पत्री मागून घेता येते.

नको तेथे उगवले ते तण, ही व्याख्या सोपी खरी. तथापि जाणता माळी सर्व तणांना एका मापाने मोजीत नाही. लव्हाळा नुसता ओढला, तर पाती हाती येतात आणि जमिनीतील गाठी पुन्हा फुटतात. म्हणून माती ओली असतानाच तो खोल खणून गाठी वेचतो. घाणेरी तर एकेकाळची मानकरीण. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती शोभेसाठी अमेरिकेकडून येथे आणली. पुढे तिने रानेच्या राने व्यापली. गाजरगवताची गोष्ट याहून गंभीर आहे. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि तेथून ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर खाज व चट्टे उठतात, परागांनी श्वासाचा त्रास होतो, आणि एकेका झाडाला हजारो बिया धरतात. ते फुलण्यापूर्वीच, हात झाकून, उपटावे. येथे दयामाया नको.

अडचण अशी, की गाजरगवताची पांढरी फुले दिसायला नाजूक आणि आघाडा दिसायला रुक्ष. ओळख नसलेला मनुष्य आघाडा उपटील आणि गाजरगवत राखील. आज जिवतीची माळ व गणपतीची पत्री बाजारातून बांधून येते. त्यामुळे घरातील मुलांना ही नावे पुडीपुरतीच माहीत होतात. सांजवेळी बागेत जाताना मुलांना बरोबर न्यावे, हरळी आणि लव्हाळा शेजारी शेजारी दाखवावेत. माळ्याचा कोणत्याही झाडाशी दावा नसतो. तो प्रत्येकाला नावाने ओळखतो, म्हणूनच काय काढावे आणि काय ठेवावे हे त्याला कळते.