कत्तलखान्याचा कचरा आणि आपले 'पारंपरिक कौशल्य'

'कचऱ्यातून संपत्ती' ही घोषणा हल्ली बऱ्याच नगरपालिकांच्या भिंतींवर रंगवलेली दिसते. कत्तलखान्याच्या कचऱ्यालाही ती लागू पडते आणि ती खोटी नाही. म्हैस असो की बोकड, जनावर कापले की साधारण निम्माच भाग माणसाच्या ताटात जातो. बाकी उरते ते रक्त, कातडे, हाडे, शिंगे, खूर, आतडी, चरबी आणि पोटातली अर्धवट पचलेली वैरण.

यातले काहीही वाया जायची गरज नाही. हाडे कुटून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवली की त्यातले कॅल्शियम फॉस्फेट विरघळते आणि ओसीन उरते. ओसीनपासून जिलेटिन होते, जिलेटिनपासून औषधाच्या कॅप्सूलचे कवच. आम्लात विरघळलेल्या भागात चुना घातला की डायकॅल्शियम फॉस्फेट मिळते, ते पशुखाद्यात जाते. चरबी वाफेवर वितळवून साबणाला जाते. मेंढीच्या आतड्यापासून ऑपरेशनचे टाके घालायचा दोरा बनतो. पोटातल्या वैरणीवर गॅस प्लांट चालतो. शाकाहाराचा टेंभा मिरवणारा माणूस ताप आला की कॅप्सूल गिळतो, तेव्हा त्याला हाड आठवत नाही. असो.

रक्ताचे उदाहरण सगळ्यात बोलके आहे. सुकवून पूड केली तर त्यात 12-13 टक्के नत्र असते, उत्तम खत. तेच रक्त गटारात सोडले तर? पाणी किती घाण आहे हे त्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते यावरून मोजतात. घरगुती सांडपाण्यासाठी हा आकडा लिटरला 200-300 मिलिग्रॅमच्या आसपास असतो, रक्तासाठी दीड लाखाच्या वर. म्हणजे एक बादली रक्त नाल्यात ओतणे आणि शेकडो बादल्या मैला ओतणे सारखेच. आता हा नाला कोणाच्या वस्तीतून वाहतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या वस्तीतूनच वाहतो. पावसाळ्यात त्याचा रंग बदलतो आणि कावळे, कुत्री, डुकरे यांची गर्दी होते. आमच्यातल्या काहींनी शाळेचा अभ्यास याच वासात केला आहे.

मग अडचण कुठे आहे? गेल्या महिन्यात आम्ही काही जण मागासवर्गीय तरुणांच्या एका उद्योजकता शिबिराला गेलो होतो. कर्ज, अनुदान, प्रकल्प अहवाल अशी सगळी माहिती दिली गेली. एका व्याख्यात्यांनी प्रेमाने सुचवले की, कत्तलखान्याच्या टाकाऊ मालावर प्रक्रिया करणारा उद्योग काढा, तुमच्या समाजाकडे याचे पारंपरिक कौशल्य आहेच. सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही टाळी वाजवली नाही. उद्योग काढा म्हणायला आमची हरकत नाही. 'पारंपरिक कौशल्य' या दोन शब्दांना आहे.

कारण हे बोलणे नवे नाही. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले आणि गावोगावच्या महारांनी ढोरे ओढायचे थांबवले. तेव्हाही हिशेब मांडणारे पुढे आले होतेच. 'केसरी'त एकाने लिहिले की, एखाद्या गावात वर्षाला 50 जनावरे मरतात, त्यांची कातडी, शिंगे, हाडे, खूर यांचे 500 रुपये होतात, ते उत्पन्न बुडवायला हा माणूस सांगतो आहे. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा किस्सा सांगितला आणि आपले उत्तरही सांगितले: एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा, वर माझ्याकडचे 500 रुपये घ्या. कोणी पुढे आले नाही. गावातल्या आमच्या आज्या-आजोबांना मात्र या नकाराची किंमत मोजावी लागली. बलुते बंद झाले, शेतातली मजुरी बंद झाली, काहींना गाव सोडावे लागले. 500 रुपयांचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

गांधीवाद्यांचा मार्ग वेगळा होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचा कणन् कण शास्त्रशुद्ध वापरायचा आणि या कामाला प्रतिष्ठा द्यायची, असा विचार त्यामागे होता. काही सवर्ण कार्यकर्ते त्यात उतरलेही, ते नाकारायचे कारण नाही. पण त्यांच्यामागे गावचा पाटील-कुलकर्णी उतरला नाही. कामाला प्रतिष्ठा मिळाली ती भाषणात, आणि काम राहिले त्याच हातांत.

ते आजही तिथेच आहे. आमच्यातल्या एकाचे काका कत्तलखान्याच्या सफाईवर कंत्राटी आहेत. गमबूट वर्षातून एकदा मिळतात, ते फाटले की चपलेवर काम. जनावरांपासून ब्रुसेलोसिस होतो, लेप्टो होतो. काकांना ताप वर्षातून दोन-तीनदा येतोच, पण कोणत्याही डॉक्टरने त्यांना 'काम काय करता' हे विचारलेले नाही. पॅरासिटामॉल, आणि पुन्हा हजेरी.

सरकारला हे माहीत नाही असे नाही. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, आणि त्या व्यवसायांत कातडे सोलणे व कमावणे ही कामे नोंदलेली आहेत. मुलाला शिष्यवृत्ती मिळते ती बापाचे काम अस्वच्छ आहे म्हणून. पण बापाचे काय? 2013 चा हाताने मैला सफाईविरोधी कायदा संडास, गटार आणि सेप्टिक टँकपुरता आहे. रक्ताच्या चरात उभा राहून आतडी उपसणारा माणूस त्यात बसत नाही.

आणि हेच काम केले म्हणून मारही खायचा. 2002 साली हरियाणात झज्जरजवळ दुलिना पोलीस चौकीत जमावाने पाच दलितांना ठार मारले. 2016 च्या जुलैत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून फोडून काढले. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. ज्यांची गाय त्यांनी उचलावी, असे म्हटल्याबरोबर राज्यभर धावपळ उडाली. बाबासाहेबांच्या 500 रुपयांच्या उत्तराचीच ही पुढची ओळ होती.

इथे काही तरुण मित्र म्हणतील, मग या धंद्याच्या वाटेलाच जाऊ नये. आम्हाला ते पटत नाही. बाबासाहेबांनी सोडायला लावली ती जन्माने लादलेली वेठ. जिलेटिनचा कारखाना ही वेठ नाही, ते भांडवल आहे, आणि त्यात आपला कोणी मालक दिसत नाही. निविदा निघते तेव्हा आधीच्या कामाचा अनुभव आणि कोटींची उलाढाल मागितली जाते. पिढ्यान् पिढ्यांचा ढोरे ओढण्याचा अनुभव तिथे धरत नाहीत. कौशल्य पारंपरिक, पण अनुभव शून्य! रसायनशास्त्र शिकलेली आपली पोरे त्या कारखान्यात केमिस्ट म्हणून, पुढे मालक म्हणून जरूर जावीत. पण आडनाव बघून कोणी त्यांना चरात उतरवू नये, आणि चरात उतरण्याची गरजच पडू नये. रक्त टाकीत घेणारी नळी, आतडी वाहून नेणारा पट्टा, बंद कुकर ही यंत्रे जगात कधीची आहेत. आपल्याकडे यंत्र येते ते तयार मालाच्या टोकाला. घाणीच्या टोकाला माणूस स्वस्त पडतो.

कुरेशी आणि खाटीक कामगारांनाही यात सोबत घेतले पाहिजे. 2015 च्या गोवंश हत्याबंदीने त्यांच्या पोटावर पाय आला, तेव्हा आपल्यातले बरेच जण गप्प होते.

आम्ही आमच्या नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे. कत्तलखान्यात रोज किती रक्त निघते आणि ते कुठे जाते, हाडे-कातड्याचा ठेका कोणाला व किती रुपयांना दिला, सफाईवर किती कंत्राटी आहेत, त्यांचा पीएफ भरला जातो का, गमबूट-हातमोज्यांवर वर्षाला किती खर्च होतो, असे पाच प्रश्न आहेत. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे, त्यातले 11 झाले. उत्तर आले की इथेच टाकू. तुमच्या गावातही हेच पाच प्रश्न विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.