विसर्गाचे हसू

आमच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पदमपूर नावाचे गाव आहे. भवभूतीने आपल्या नाटकात विदर्भातील ज्या पद्मपुराचा उल्लेख केला, ते हेच, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. करुण हाच सर्व रसांच्या मुळाशी आहे, असा विचार ‘उत्तररामचरिता’त मांडणाऱ्या या नाटककाराच्या परिसरात रसविचार शिकवताना करुणापाशी पाऊल जरा अधिक रेंगाळते. म्हणूनच बी. ए.च्या वर्गासाठी काढलेल्या एका टिपणात जे घडले, ते केवळ टंकनदोष म्हणून सोडून देता येत नाही.

टिपणात भरतमुनींच्या आठ रसांपुढे त्यांचे स्थायिभाव मूळ संस्कृत रूपात, कंसात दिले होते. टंकलिखित होऊन आलेल्या प्रतीत रती, हास, शोक, क्रोध, उत्साह आणि विस्मय या सहांपुढचा विसर्ग आणि मिटता कंस दोन्ही नाहीसे झाले होते; त्या जागी एकेक हसरा चेहरा उमटला होता. ‘भयम्’ आणि ‘जुगुप्सा’ यांना विसर्ग नाही, म्हणून तेवढे दोघे गंभीर राहिले. हासाचे हसणे समजू शकते. शोकाचे कसे समजावे? एका विद्यार्थिनीने तर तो चेहरा म्हणजे स्थायिभावाची शास्त्रीय खूण असावी, अशा समजुतीने वहीत नीट काढून घेतला होता. ती वही पाहून मात्र हसू आले नाही. शिक्षकाने हाती दिलेल्या कागदावर विद्यार्थी शंका घेत नाहीत.

याचे कारण साधे आहे. मराठीत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकण्याचा प्रघात सर्रास आढळतो. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी दोन ठिपकेच दिसतात. युनिकोडमध्ये मात्र ती दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. संगणक अर्थ वाचत नाही. अमुक चिन्हे लागोपाठ आली की त्यांच्या जागी तमुक घालावे, असा एक तक्ता त्याच्यापाशी असतो. अपूर्णविरामापाठोपाठ कंस मिटला की हसरा चेहरा. कंसात रोमन ‘सी’ आले की स्वामित्वहक्काची खूण. मग एखाद्या मसुद्यातले तिसरे उपकलमही स्वामित्वहक्क सांगू लागते! गप्पांच्या मजकुरात हे खपून जाईल. व्याकरण, छंद, कायदा, गणित यांच्या लेखनात मात्र एकेक ठिपका अर्थ वाहत असतो.

गंमत अशी, की ही खूण जन्माला आली तीच मुळी गैरसमज टाळण्यासाठी. कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फाल्मन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी, विनोद विनोद म्हणून ओळखू यावा यासाठी, अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस यांचा आडवा चेहरा सुचवला. तो टंकायचा की नाही, हे लिहिणाराच ठरवत असे. आता ते ठरवणे यंत्राकडे गेले. रस किंवा भाव त्याच्या नावाने थेट सांगणे, हा मम्मटाने काव्यातला दोष मानला. येथे तर लेखकाच्या मनात नसलेला भाव त्याला न विचारताच शब्दाला चिकटवला जातो.

उपाय आहेत. चेहरा उमटताच कंट्रोल आणि झेड या कळा दाबाव्यात, किंवा त्या तक्त्यातील नोंदच काढून टाकावी. सर्वांत चांगले म्हणजे खरा विसर्ग टंकावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्टसह संयोगचिन्हाच्या कळीवर आहे. तरीही मूळ प्रश्न उरतो. लेखकाचा मजकूर बदलणारी सोय आधीपासून चालू का असावी? ज्याला हवी त्याने ती मागून घ्यावी. तोवर शुद्धलेखनाच्या तासाला विसर्गाचे नियम सांगताना त्याची कळही दाखवावी लागते.