झाकली मूठ कुणाची?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला ही म्हण पटायला जरा जड जाते. मुठीत खरेच सव्वा लाख असतील तर ते बँकेत ठेवलेले बरे. आणि मुठीत निखारा असेल तर झाकणाऱ्याचाच हात भाजतो. म्हण रचणाऱ्याने पहिल्या मुठीचा विचार केला, दुसरीचा केलेला दिसत नाही.

मनाचे दुखणे ही या दुसऱ्या प्रकारची मूठ. दात दुखला तर आपण चार जणांना विचारून दाताच्या डॉक्टरांकडे जातो. पण रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, पुस्तकाचे एक पान तासभर उलटत नाही, घास घशाखाली उतरत नाही, असे झाले की आपण आधी दार लावून घेतो. आमच्या बेळगावचे तर विचारूच नका. शहापुरात कुणी शिंकले तर टिळकवाडीतून तब्येतीची चौकशी होते. लहानपणी आम्ही मुले एकमेकांना चिडवताना "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे" असे म्हणत असू. धारवाड म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, एवढाच त्या गावाचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. द. रा. बेंद्र्यांचे धारवाड पुष्कळ पुढे, कन्नडच्या तासाला भेटले.

गेल्या वर्षी सुमारे आठ महिने मी एका समुपदेशक बाईंकडे जात होते. वर्गात ही गोष्ट मीच सांगितली. त्यानंतर एकेकट्या मुली, आणि दोन मुलगेही, मला गाठून विचारू लागले. प्रश्न साधारण तेच. तिथे काय विचारतात? गोळ्या देतात का? आणि सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून, घरी सांगतात का? या शेवटच्या प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहे. बाकीचे ओघाने येईल.

आधी, जायचे कुणाकडे? मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम. बी. बी. एस. होऊन पुढे मनोविकारांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत; ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशक हा शब्द मात्र सैल आहे. मानसशास्त्रात एम. ए. करून अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकलेलेही समुपदेशक, आणि चार दिवसांचे शिबिर करून पाटी लावणारेही समुपदेशकच. म्हणून "आपले शिक्षण काय, शिकलात कुणाच्या देखरेखीखाली" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. पतसंस्था बुडाल्यावर ताळेबंद मागणारे आपण पुष्कळ पाहिले; ठेव ठेवण्याआधी मागणारे थोडे.

आता मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर मला बँकिंगच्या पुस्तकात सापडले, हे ऐकून आमचे सर हसतील. बँकर आणि ग्राहक यांचे नाते हे प्रकरण आपण सर्वांनीच परीक्षेपुरते पाठ केले आहे. त्यात १९२४ चा टूर्निअर खटला येतो. इंग्लंडातल्या या गृहस्थाने बँकेतून नऊ पौंडांहून थोडी अधिक रक्कम जादा उचलली होती, आणि ती फेडण्याचे ठरलेले हप्ते थकले होते. त्याचा पत्ता मिळवण्यासाठी बँकेच्या मॅनेजरने त्याच्या मालकांकडे फोन केला आणि बोलता बोलता त्याचे देणे सांगितले, तो सट्टेबाजांना पैसे देत असावा हेही सांगितले. टूर्निअरची नोकरी गेली. अपील न्यायालयाने म्हटले, ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे. पण त्याला चार अपवाद आहेत. कायद्याची सक्ती, समाजाप्रती कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित, आणि ग्राहकाची संमती. आपल्याकडच्या १९४९ च्या चार्टर्ड अकौंटंट्स कायद्यातही अशिलाच्या संमतीशिवाय, किंवा कायद्याने भाग पाडल्याशिवाय, त्याची माहिती बाहेर सांगणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

पाच गुणांच्या या उत्तराचा उपयोग मला बाईंच्या खोलीत झाला. तिथली गुप्तताही अशीच अटींची आहे. ती नाही असे समजून घाबरू नये, आणि तिला कुठेच अपवाद नाही असे समजून विसंबूही नये. खाते उघडताना नियम वाचतो, तसे तेही आधी विचारून घ्यावेत.

देशाचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे २३ वे कलम रुग्णाला गुप्ततेचा हक्क देते आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचे कर्तव्य घालते. अपवाद तिथेच दिले आहेत. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा संभव असेल, न्यायालयाचा वा कायदेशीर अधिकार असलेल्या मंडळाचा आदेश असेल, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर माहिती देता येते. दुसऱ्या डॉक्टरांना उपचारासाठी ती लागत असेल, किंवा रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला त्याचे काम करण्यासाठी लागत असेल, तरीही देता येते. मात्र दुसऱ्याची इजा टाळण्यासाठी सांगायचे झाले तर त्या कामापुरतेच सांगायचे. एका गिऱ्हाइकाची उधारी दाखवायला सगळी वही उघडायची नसते. एक पान पुरते.

यातल्या दोन गोष्टी जरा उलगडून सांगायला हव्यात. पहिली, मरणाच्या विचारांची. "जगावेसे वाटत नाही" असे म्हटले की लगेच घरी फोन जाईल, पोलीस येतील, या भीतीने किती तरी जण तेवढे एक वाक्य सोडून बाकी सगळे बोलतात. तसा विचार मनात येणे हा गुन्हा कधीच नव्हता. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंडसंहितेतले ३०९ वे कलमही १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेले नाही. असे वाक्य ऐकून समुपदेशक शांतपणे पुढचे विचारतात. विचार येतो आणि जातो, की काही ठरवले आहे? साधन हाताशी आहे का? धोका जवळ दिसला तर मात्र त्या घरच्या कुणाला तरी सांगतील. पण शक्यतो तुम्हाला सांगून, आणि कुणाला सांगावे हे तुम्हालाच विचारून.

दुसरी गोष्ट अठरा वर्षांखालच्यांची. आपल्या कॉलेजात पी. यु. सी.ची मुले आहेत, त्यांनी हे नीट वाचावे. अजाण वयात पालकांना उपचारात स्थान असते. म्हणून आईवडिलांना काय सांगणार आणि काय सांगणार नाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. तसेच २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. त्यातून समुपदेशकही सुटत नाहीत. हे ठाऊक असले म्हणजे बोलण्याआधी तयारी करता येते, सोबत कुणाला घ्यायचे ते ठरवता येते.

आमच्या बाईंनी हे सारे पहिल्या दहा मिनिटांत, मी न विचारता सांगितले. त्या टिपणे काढतात, ती कपाटात कुलपात राहतात. कठीण प्रसंगी त्या आपल्या वरिष्ठांचा सल्ला घेतात, पण माझे नाव न सांगता. कॉलेजला त्या फक्त किती विद्यार्थी आले तो आकडा देतात, नावे देत नाहीत. घरी फोन करायचा झाला तर कोणत्या नंबरावर, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचे, हेही त्यांनी लिहून घेतले. आणि एक गमतीचा नियम होता. गणपतीत किंवा बाजारात गाठ पडली तर त्या आपणहून ओळख दाखवणार नाहीत. मी हसले तर त्या हसतील.

सगळीकडे असे असते असे नाही. त्याआधी मी एका ठिकाणी गेले होते, नाव सांगत नाही. तिथे दाराशी उघडे रजिस्टर होते. नाव, पत्ता, आणि त्यापुढे "तक्रार" असा रकाना. माझ्या आधीच्या तिघांच्या तक्रारी मी उभ्या उभ्या वाचल्या आणि पेन खाली ठेवून परत आले. तेव्हा, मित्रहो, खोलीतल्या गुप्ततेबरोबर दाराशी काय आहे तेही पाहावे. मोबाइलवरून उपचार घेणार असाल तर आपल्या घराच्या भिंती किती जाड आहेत तेही पाहावे. फी काका देत असतील तरी बोलणे काकांचे होत नाही, हेही आधी ठरवून घ्यावे.

बाकीचे थोडक्यात सांगते. एक बैठक पाऊण तास ते तासाभराची, बहुधा आठवड्यातून एकदा. समुपदेशक उपदेश करत नाहीत, म्हणून पहिल्या दोन बैठकांत फसवल्यासारखे वाटते. काही वेळा घरी येताना मन जाताना होते त्याहून जड असते. महिना-दोन महिने तरी द्यावेत. तरीही सूर जुळत नसेल तर बदलावे, आणि तसे तोंडावर सांगावे. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. आपले नातेवाईक किंवा आपल्याला शिकवणारे प्राध्यापक यांच्याकडे उपचार घेऊ नयेत. खोलीबाहेर मैत्री, व्यवहार वा प्रेम जमवू पाहणारा उपचारक मात्र ताबडतोब सोडावा.

भाषेविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण आपल्या मासिकाचे दोन विभाग आहेत तसे आपल्या मनाचेही आहेत. बाईंच्या घरची भाषा कन्नड, माझी मराठी. सुरुवात आम्ही इंग्रजीत केली. इंग्रजीत माझे दुःख फार नीटनेटके निघाले, किर्दीतल्या नोंदीसारखे. नावे इकडे, जमा तिकडे. मग कन्नड आले. मराठीत संकट बाहेरून येते, पुरासारखे, सावकारासारखे. कन्नडमधले "संकट" आत असते, पोटात कालवाकालव होते ते. "होट्ट्याग संकट" एवढे म्हटल्यावर बाईंना जे कळले ते माझ्या इंग्रजी परिच्छेदांनी कळले नव्हते. पण वडिलांविषयी बोलायची वेळ आली तेव्हा तोंडात मराठीच आले. बाईंना अर्धेमुर्धे समजले, उरलेले त्यांनी थांबवून विचारून घेतले. कोणत्या भाषेत रडता येईल, हाही पहिल्या दिवशी विचारण्याचा प्रश्न आहे.

वडिलांविषयी बोलले ते असे. त्यांना अर्धांगवायू झाला आणि ते अडीच वर्षे अंथरुणावर होते. रात्री कूस बदलायला, पाणी द्यायला, कपडे बदलायला आई आणि मी पाळीने उठत असू. ते गेले त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज उठावे लागणार नाही. त्यानंतर माझी झोपच गेली. भेटायला येणारे म्हणत, "पोरीने केवढी सेवा केली!" आणि प्रत्येक वेळी मला वाटे, यांना त्या रात्रीचा विचार कळला तर हे काय म्हणतील? आत्याला नाही, मैत्रिणीला नाही, आईला तर नाहीच नाही. पाचव्या बैठकीत ते बोलले. बाई दचकल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "किती रात्री उठलीस तू?" मी सवयीने हिशेब केला. ९०० च्या वर आल्या. तो आकडा मी तोपर्यंत कधी मांडला नव्हता. ते त्या खोलीत बोलता आले, कारण ते तिथून बाहेर जाणार नाही याची खात्री मला आधी मिळाली होती.

मग आता ते छापून का सांगतेस, असे कुणी विचारील. त्यासाठी आणखी एक गोष्ट सांगते. बोलून बरे करण्याच्या या पद्धतीच्या आरंभी व्हिएन्नातली एक तरुणी आहे. १८८० ते १८८२ या काळात डॉ. योसेफ ब्रॉयर तिच्यावर उपचार करत होते. वडिलांच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा करता करता तीही आजारी पडली होती. बोलण्याने बरे वाटते, हे तिनेच डॉक्टरांना सांगितले. गमतीने ती त्याला धुराडे साफ करणे म्हणे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये पुस्तकात तिची हकीकत छापली ती ॲना ओ. या टोपणनावाने. तिचे खरे नाव बर्था पापेनहाइम. पुढे तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची मोठी संघटना उभी केली. १९३६ मध्ये ती वारली, आणि १९५३ मध्ये फ्रॉइडच्या चरित्रकाराने ॲना ओ. म्हणजे हीच, असे जाहीर केले. तिची मूठ तिच्यामागे १७ वर्षांनी दुसऱ्याने उघडली. तिला कुणी विचारले नाही.

गुप्ततेचे बंधन समुपदेशकावर असते, आपल्यावर नसते. ती मूठ माझी आहे. उघडायची की नाही, केव्हा, कुणापुढे, हे मी ठरवायचे. ग्राहकाच्या संमतीचा तो चौथा अपवाद माझ्या हाती आहे. हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "छापू दे. मलाही त्या रात्री तसंच वाटलं होतं गं."

ज्यांना अजून कुणाच्या दारापर्यंत जाववत नाही त्यांच्यासाठी शेवटी एक नंबर देते, १४४१६. टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीतून बोला की कन्नडमधून. आणि धारवाडला जायला आता लाजू नका. सुमारे ८० किलोमीटरवर सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, हे आपले भाग्य आहे. जाल तिथे बसल्यावर आधी विचारा, "मी बोलेन ते कुठपर्यंत राहील?" उत्तर सरळ आणि पुरे मिळाले, तर मग बोला.