फुटलेला आवाज

मित्रांनो, तुमच्यापैकी काही मुलांचा आवाज सध्या बदलत असेल. वर्गात धडा वाचताना एक शब्द जाड निघतो, तर दुसरा एकदम चिरका. बाकांवरची मुले हसतात. वाचणारा बिचारा लाजून खाली बसतो. माझाही आवाज असाच फुटला होता. तो फुटला तेव्हा मी डोंगरावर एका शिबिरात गाणे शिकायला गेलो होतो. त्याचीच ही हकिगत.

माझे बालपण पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला गेले. उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेले हे गाव इंदापूर तालुक्यात आहे. त्या वेळी चहूकडे उसाची शेते आणि मध्ये कारखाना असे गावाचे रूप होते. माझे वडील कारखान्यात कामाला होते. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला, की आमचे घर जागे होई. मी अंथरुणातूनच त्या भोंग्याच्या सुरात सूर मिळवून लांब ‘आ’ लावत असे. आई म्हणायची, “एक भोंगा गावाला आणि एक आमच्या घराला!”

शाळेत प्रार्थना मीच सांगत असे. गायनाच्या स्पर्धेत मला दोनदा पहिले बक्षीस मिळाले होते. १९८८ च्या मे महिन्यात पाचगणीला शास्त्रीय संगीताचे पंधरा दिवसांचे शिबिर भरणार होते. मी तेव्हा आठवीची परीक्षा दिली होती. वडिलांनी जादा पाळ्या करून शिबिराची फी भरली. निघताना ते एवढेच म्हणाले, “मन लावून शिक.”

एस.टी.ने फलटण, वाई करत आम्ही निघालो. वालचंदनगरला अंग भाजत होते. पण पसरणीचा घाट चढताच खिडकीतून गार वारा येऊ लागला. खाली कृष्णेचे खोरे दिसत होते. पाचगणीला सिल्व्हर ओकची उंच झाडे होती. वर टेबललँडचे सपाट, विस्तीर्ण पठार होते. मला वाटले, इथे गाणे आपोआप येईल!

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्हांला उठवले. गुरुजींनी भूप राग घेतला. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर असतात. माझी पाळी आली. मी नेहमीच्या काळी चारच्या पट्टीत आवाज लावला. वरच्या षड्जापर्यंत पोहोचलो आणि तिथे आवाज फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. मागे कोणीतरी हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी मी अंतर्देशीय पत्र लिहायला घेतले. ‘ती. बाबांस, शि. सा. नमस्कार. माझा आवाज गेला आहे. मला घ्यायला या.’ तेवढ्यात गुरुजी समोर उभे राहिले. त्यांनी पत्र वाचायला मागितले नाही. फक्त विचारले, “वय किती रे तुझे?”

“चौदावे लागले, गुरुजी.”

ते हसले. “अरे, तुझा आवाज गेलेला नाही. तो वाढतो आहे. या वयात गळ्यातले स्वरयंत्र मोठे होते. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. म्हणून मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. जुना आवाज जातो आणि नवा नीट बसायला वेळ लागतो. तोवर ओरडून वर जायचे नाही. खाली, हळू गायचे. आणि आजपासून तू तंबोरा धरायचा.”

मला ती शिक्षाच वाटली. इतर मुले गाणार आणि मी नुसत्या तारा छेडणार!

मित्रांनो, तंबोरा तुम्ही पाहिला असेल. त्याचा भोपळा खराच भोपळा असतो. वाळवून, पोखरून तो वापरतात. गुरुजींचा तंबोरा मिरजेचा होता. मिरजेतील शिकलगार मंडळी पूर्वी हत्यारांना धार लावण्याचे काम करीत. पुढे त्यांच्यातील कारागीर सतारी आणि तंबोरे बनवू लागले. त्यांची कला इतकी नावाजली, की मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. घोडीवर प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतात. तो नेमक्या जागी आला, की तार गुंजू लागते. याला जवारी लागणे म्हणतात. जागा केसभर चुकली, तरी तार मुकी वाटते. मी दोन दिवस दोरे सरकवत बसलो. बोटे दुखली, पण कान जागे झाले.

एका संध्याकाळी मी धीर करून विचारले, “गुरुजी, माझा नवा आवाज चांगला नसला तर?”

तेव्हा त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांची गोष्ट सांगितली. खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा. तरुणपणी दिवसचे दिवस गावे लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला. तो परत आला, पण पूर्वीसारखा नव्हता. गोड, हलका गळा गेला तो गेलाच. दुसरा एखादा गाणे सोडून बसला असता. खाँसाहेबांनी मात्र त्या जड गळ्याला शोभेल अशी नवी गायकी घडवली. स्वरांची अवघड गुंफण आणि लयीचा कडक हिशेब हे तिचे विशेष. पुढे ते कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला आले. त्यांची गायकी जयपूर-अत्रौली घराणे म्हणून प्रसिद्ध झाली. गोव्याच्या केसरबाई केरकर त्यांच्या शिष्या. १९७७ मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अंतराळात पाठवली. त्यांवरील तबकडीत जगातले निवडक संगीत आहे. त्यात केसरबाईंचे गाणेही आहे.

गुरुजी म्हणाले, “बघ, एका बसलेल्या आवाजातून निघालेली गायकी कुठवर गेली!”

त्या रात्री मी अंथरुणावर खूप वेळ जागा होतो.

दहाव्या दिवशी पहाटे मी तंबोरा छेडत होतो. अजून कोणी आले नव्हते. अचानक मला एक वेगळाच स्वर ऐकू आला. तो पंचम नव्हता आणि षड्जही नव्हता. मी दचकून तारा थांबवल्या. स्वर नाहीसा झाला. पुन्हा छेडल्या, पुन्हा तो आला. दाराशी गुरुजी उभे होते. ते म्हणाले, “ऐकू आला ना? तो गंधार. त्याची तार तंबोऱ्याला नाही. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.”

तार कंप पावते तेव्हा मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक स्वरही निघतात. खर्जाच्या तारेतला पाचपट कंपनांचा स्वर म्हणजे तो गंधार. तंबोरा नीट जुळला आणि कान स्थिर असला, तरच तो ऐकू येतो. माझा गोड आवाज होता तेव्हा मला तो कधीच ऐकू आला नव्हता. कारण मी फक्त स्वतःलाच ऐकत होतो.

शेवटच्या दिवशी मुलांचे गाणे झाले. मी मागे तंबोऱ्यावर बसलो होतो. अखेरीस गुरुजींनी मला पुढे बोलावले. पट्टी धरली काळी एक. मी भूपाचे पाच स्वर हळूहळू गायलो. एकदा आवाज फाटला. मी थांबलो नाही. या वेळी कोणी हसले नाही.

घरी परतलो. माझा आवाज पुरता बसायला आणखी दीड वर्ष लागले. मी मोठा गवई झालो नाही; पण रोजचा रियाज सोडला नाही. रियाज, मैफल, आवाज हे शब्द तुमच्या उर्दूतले आणि तेवढेच आमच्या मराठीतले. दोन्हीकडे त्यांचा अर्थ एकच आहे.

ते अंतर्देशीय पत्र मी टपालात टाकले नाही. अजूनही ते माझ्या वहीत आहे. तुमच्या वर्गात कोणाचा आवाज फुटला, तर हसू नका. आणि तुमचाच फुटला, तर धडा अर्धवट सोडून खाली बसू नका. थोडे खाली, थोडे हळू. पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.