पाव किलोचा दालचा

डॉक्टरांनी अब्बांना मटण कमी करायला सांगितलं, तर माझ्या मुलीने मॉलमधून सोयाचा 'खिमा' आणला. पाकीट एवढंसं, किंमत मटणाच्या तोडीची. अब्बांनी एक घास घेतला. "सोयाबीन आहे, तर सोयाबीन म्हणा ना!"

अम्मीने मुकाट्याने दालचा टाकला. 2015 च्या मार्चमध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, आम्हाला परवडणारं गोश्त गेलं, तेव्हापासून ती तो असाच करते: पाव किलो गोश्त, भरपूर चणाडाळ, दुधीच्या फोडी, वर चिंचेचा कोळ. आठ माणसं जेवायची. पाहुण्यांसमोर मला त्याची लाज वाटे. आता डॉक्टर त्यालाच पथ्य म्हणतात!

मला तरी नकली खिम्यापेक्षा हे थोडकं खरं गोश्तच पटतं. अब्बा अजून डाळीत बोटी शोधतात. सापडली की नातीच्या ताटात टाकतात.